वाढप्याचा मान

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात डव्हा नावाचे एक गाव आहे. श्री नाथनंगे महाराजांच्या संस्थानामुळे माघ महिन्यात तेथे यात्रा भरते, आणि त्या यात्रेत महाप्रसादाची जी पंगत बसते तिचा विस्तार एवढा असतो की, पुऱ्या आणि भाजी यांचे वाटप हातातल्या परातीने उरकत नाही. भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतीच्या ओळींमधून फिरवाव्या लागतात. वाढणारी असतात ती आसपासच्या गावांतली तरुण मुले. उन्हात तासन्‌तास उभे राहून, अनोळखी माणसाच्या पत्रावळीकडे लक्ष ठेवून, नको म्हणणाऱ्यालाही आणखी एक पुरी घेण्याचा आग्रह करीत ही मुले जे काम करतात ते, बाह्य स्वरूपापुरते बोलायचे तर, मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या भोजनकक्षात चालणाऱ्या कामाहून फारसे निराळे नाही. यात्रेतल्या त्या कामाचा गावाला अभिमान वाटतो, आणि वाढणाऱ्या मुलाची आई ती गोष्ट शेजारणीला कौतुकाने सांगते. परंतु याच मुलांपैकी एखाद्याने बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाचा अर्ज घरी आणला की, ‘शिकूनसवरून शेवटी लोकांच्या उष्ट्या कपबश्याच उचलणार का?’ हा प्रश्न त्याच घरात उभा राहतो. या दोन प्रसंगांमधील अंतर जोवर आपण नीट समजून घेत नाही, तोवर हॉटेलच्या पेशाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात ओढ का उत्पन्न होते, कशाने टिकते आणि पुष्कळदा का आटते याचा उलगडा होणार नाही, असे माझे मत आहे.

या प्रश्नाचा विचार जगात बऱ्याच ठिकाणी झालेला आहे; कारण ज्या कामासाठी तीन-चार वर्षे खर्चून माणूस तयार करावा, त्याच कामाकडे त्याने पदवी हाती येताच पाठ फिरवावी, ही स्थिती शिक्षणसंस्थांना आणि मालकांना सारखीच चिंतेची वाटत आली आहे. १९९३ साली पॉल बॅरन आणि जिलियन मॅक्सवेल यांनी स्कॉटलंडमधील विद्यार्थ्यांची मते तपासली, तेव्हा नुकत्याच दाखल झालेल्यांच्या मनातील व्यवसायाचे चित्र उजळ होते आणि हॉटेलात प्रत्यक्ष काम करून परतलेल्यांच्या मनातील चित्र बरेच काळवंडलेले होते, असे त्यांना आढळले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातील अभ्यासात सालिह आणि झेनेप कुशलुवान यांनी कामाचे स्वरूप, सामाजिक प्रतिष्ठा, वेतन, बढती, सहकारी, वरिष्ठ अशा अनेक अंगांनी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा कामाचा ताण, कौटुंबिक आयुष्याची ओढाताण करणाऱ्या वेळा, अल्प वेतन आणि अर्धशिक्षित वरिष्ठ यांच्याविषयीची तक्रार पुनःपुन्हा पुढे आली. ऑस्ट्रेलियात स्कॉट रिचर्डसन यांनी २००८ मध्ये असे दाखवून दिले की, पदवीचे शिक्षण चालू असतानाच निम्म्याहून अधिक विद्यार्थी अन्य क्षेत्रातील नोकरीचा विचार करू लागलेले असतात. या तिन्ही देशांची परिस्थिती भिन्न, कायदे भिन्न, पगाराचे मान भिन्न. तरीही निष्कर्षात एक साम्य आहे, आणि ते असे की, विद्यार्थी हा व्यवसाय सोडतो तो त्याच्याशी परिचय नसताना सोडत नाही, परिचय झाल्यावर सोडतो. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णालयात पाऊल ठेवल्यावर बहुधा अधिकच वैद्य होऊ लागतो, आणि हॉटेलच्या विद्यार्थ्याचे नेमके उलट व्हावे, याचे कारण शोधणे अगत्याचे आहे.

त्या शोधात उपयोगी पडेल असा एक विचार रॉबर्ट लेंट, स्टीव्हन ब्राउन आणि गेल हॅकेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली मांडला. माणसाची एखाद्या पेशाविषयीची रुची ही जन्मजात देणगी असते आणि शिक्षकाने ती फक्त ओळखायची असते, ही आपली रूढ समजूत त्यांनी बाजूला ठेवली. त्यांच्या मते रुची दोन विश्वासांतून तयार होते: हे काम मला जमेल हा एक, आणि या कामातून माझे काही भले होईल हा दुसरा. पहिला विश्वास स्वतः केलेल्या कामाच्या यशापयशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते साधलेले पाहण्यातून आणि मान्य व्यक्तीने पाठीवर दिलेल्या थापेतून वाढतो. आणि या दोन्ही विश्वासांभोवती घरचा पाठिंबा, पैशाची सोय, जातीपातीचे व स्त्रीपुरुषभेदाचे संकेत अशा अनुकूल-प्रतिकूल गोष्टींचे कुंपण असते. हा विचार वाशीमच्या मुलाला लावून पाहिला म्हणजे त्याच्यापुढील अडचणीचे खरे रूप दिसू लागते.

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, जिच्या हरिषेण राजाच्या काळी अजिंठ्याची काही अप्रतिम लेणी कोरली गेली. इंग्रजी अमलात वऱ्हाड प्रांतातील तो एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यास जोडण्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी जिल्ह्याचा दर्जा त्यास पुनश्च प्राप्त झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या सुमारे बारा लाख, आणि त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. सोयाबीन आणि तूर यांच्यावर घरचा जमाखर्च चालतो. केंद्र सरकारने २०१८ साली देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवड केली, तीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचाही समावेश होता. असल्या जिल्ह्यातील मुलाच्या डोळ्यांसमोर आतिथ्याच्या व्यवसायाची कोणती रूपे असतात? एस. टी. स्थानकाजवळची चहा-भज्यांची हॉटेले, कचेरीच्या कामासाठी आलेल्यांचे लॉज, महामार्गावरचे ढाबे, लग्नसराईतली मंगल कार्यालये आणि त्यांतला आचारी, आणि सरकारी विश्रामगृह व तेथला खानसामा. ज्या प्रकारच्या हॉटेलात नोकरी करण्यासाठी तो शिकणार असतो, त्या प्रकारच्या हॉटेलात त्याने एक रात्र काढलेली नसते. त्याच्या बापाने काढलेली नसते. आणि पुष्कळदा त्याच्या शाळेतल्या गुरुजींनीही काढलेली नसते. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातील मुलगा अशा हॉटेलात प्रथम पाहुणा म्हणून जातो आणि मग सेवक म्हणून. वाशीमच्या मुलास पाहुणेपणाचा अनुभव नसताना पाहुण्याच्या अपेक्षा ओळखाव्या लागतात, आणि हे किती अवघड आहे याची कल्पना त्याचे परीक्षण करणाऱ्यांना क्वचितच असते.

प्रत्यक्ष दर्शनाची ही उणीव ऐकीव आणि चित्ररूप माहितीने भरून निघते. १९९३ साली संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला, आणि पांढरा डगला घातलेल्या स्वयंपाक्याला देशभर घराघरांतून ओळख मिळाली. विदर्भापुरते पाहता नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी केलेले कार्य याहून जवळचे आहे; कारण वऱ्हाडी बोली बोलणारा, आपल्याच प्रदेशातील पाटोडी-रोडग्यांचा अभिमान बाळगणारा माणूस मराठी वाहिनीवर सन्मानाने उभा राहिला, आणि २०१७ साली नागपुरात त्याने पन्नास तासांहून अधिक वेळ अखंड पाककृती केल्या तेव्हा त्याला पाहण्यासाठी माणसे लोटली. ‘आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला साधलेले पाहणे’ म्हणून जे वर सांगितले, त्याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही. विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे आत्मकथनही या दृष्टीने कामी आले आहे. आपल्या भाषेतील एका माणसाने उपाहारगृहापासून आरंभ करून पंचतारांकित हॉटेल उभारल्याची हकिकत तालुक्याच्या वाचनालयातील मुलाला त्यात वाचायला मिळते.

परंतु या चित्रातून व्यवसायाचे एकच अंग दिसते. हॉटेलच्या शिक्षणाचे मुख्य विभाग चार: किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. दूरचित्रवाणीने पहिल्याला तेज दिले आणि बाकीच्या तिघांना अंधारात ठेवले. साहजिकच प्रवेश घेताना ‘मला शेफ व्हायचे आहे’ असे म्हणणारी मुले पुष्कळ, आणि आपणांस हाउसकीपिंगमध्ये जायचे आहे असे म्हणणारा सापडणे दुर्मिळ. वस्तुतः हॉटेलचे मुख्य उत्पन्न खोल्यांच्या भाड्यातून येते, खोली विकली जाते ती तिच्या स्वच्छतेवर, आणि हुशार मनुष्यास पुढे येण्यास या दुर्लक्षित विभागातच अधिक वाव असतो. ही गोष्ट प्रवेशापूर्वी मुलास सांगणारे कोणी भेटत नाही. पेरणीपूर्वी मूठभर सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याची उगवणशक्ती तपासून पाहणारा शेतकरी मुलाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाची निवड मात्र गावातल्या कोणा एकाच्या सांगीवरून करतो, आणि पुढे जे अपेक्षाभंगाचे दुःख होते त्याचे बीज येथेच असते.

आता घरच्या विरोधाकडे वळू. तो अज्ञानातून येतो असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्याचे मूळ खोल आहे, आणि त्याची उपेक्षा करणाऱ्याला हा विषय समजला असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याचे उष्टे काढणे, दुसऱ्याच्या अंथरुणावरच्या चादरी बदलणे, शौचकूप धुणे ही कामे आपल्या समाजाने शतकानुशतके विशिष्ट जातींच्या आणि घरातील स्त्रियांच्या माथी मारली. ज्या घराण्यांनी ही कामे कधी केली नाहीत त्यांना ती करण्यात अधोगती वाटते. आणि ज्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने करावी लागली, त्यांना शिक्षणाचा अर्थच मुळी त्यांतून सुटका असा वाटतो. दुसऱ्या प्रकारच्या घरातील बापाने मुलाच्या हातात पुन्हा झाडू पाहून अस्वस्थ व्हावे, यात त्याला दोष देण्याजोगे मला काही दिसत नाही. महाप्रसादाच्या पंगतीत वाढणारा स्वेच्छेने वाढतो, त्याचा हात देणाऱ्याचा असतो, आणि दुसऱ्या पंगतीला तो स्वतः पत्रावळीवर बसतो; हॉटेलच्या वेटरचा हात घेणाऱ्याचा मानला जातो आणि ज्या टेबलाशी तो उभा असतो त्या टेबलाशी त्याला बसता येत नाही. कामाचे स्वरूप एक असून मान वेगळा होतो तो येथे.

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला संलग्न आहेत त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या या महापुरुषाने आयुष्यभर हातातला खराटा खाली ठेवला नाही; गावात शिरताच प्रथम तो रस्ता झाडी आणि मग रात्री कीर्तनाला उभा राही. मात्र त्यांच्या कार्याचे जे अंग आपल्या विषयाशी सर्वांत निकट आहे त्याची आठवण फारशी केली जात नाही: पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारल्या. परगावी आलेल्या निराधार माणसास स्वच्छ जागा, पाणी आणि सावली मिळावी, हा त्या धर्मशाळांचा हेतू होता, आणि पाहुण्याची सोय हे ज्याला शास्त्र म्हणून शिकायचे आहे त्याने तेथूनच आरंभ करावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्याच्या नावाची पदवी आपण घेणार त्याने झाडण्याच्या कामाला कोणत्या योग्यतेस नेले, हे पहिल्याच वर्षी सांगितले गेले तर हाउसकीपिंगच्या पहिल्या दिवशी मुलांच्या मनावर येणारे मळभ पुष्कळ अंशी दूर होईल.

प्रतिष्ठेच्या प्रश्नाबरोबर हिशेबाचा प्रश्न असतोच. पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, शिक्षकाची जागा यांच्याकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यात जिच्या मागे सरकारी शिक्का नाही अशी नोकरी बिनभरवशाची ठरते. त्यातून अभ्यासक्रमाचे शुल्क, शहरातील खोलीचे भाडे, गणवेश आणि चाकू-सुऱ्यांचा संच यांचा खर्च सोयाबीनच्या एका हंगामातून निघणारा नसतो. मुलींच्या बाबतीत रात्रपाळीची भीती या सर्वांवर मात करते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती आणि संरक्षणाची पुरेशी तरतूद आवश्यक ठरवली आहे. परंतु कायद्याच्या या कलमाची वार्ता रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यातील आईपर्यंत पोचवण्याची तजवीज कोणी केलेली नाही. विलक्षण गोष्ट ही की, आपल्या देशात हॉटेलविद्येचे शिक्षण सुरू झाले ते स्त्रियांच्याच पुढाकाराने. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली पहिली हॉटेलशाळा निघाली. भारतात पहिल्या हॉटेलशाळेचा मान जातो तो मुंबईत १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने स्थापिलेल्या संस्थेकडे. अन्नधान्याची टंचाई अद्याप विस्मृतीत गेलेली नव्हती अशा काळी, अन्न शिजवणे आणि वाढणे हा शास्त्राचा विषय आहे असे मानून या स्त्रियांनी ते पाऊल टाकले होते. पुढे १९८२ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, १९८९ मध्ये औरंगाबादेस मौलाना आझाद शिक्षणसंस्थेने ताज समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था काढली, पुण्यास राज्य सरकारची संस्था निघाली, आणि आठवीपर्यंत शिकलेल्यांसाठीसुद्धा ‘हुनर से रोजगार तक’ या योजनेखाली काही आठवड्यांचे विनामूल्य वर्ग सुरू झाले.

परंतु या संस्थांच्या दारातच इंग्रजीचा अडसर उभा राहतो. राष्ट्रीय परिषदेच्या संयुक्त प्रवेश परीक्षेत दीर्घकाळ २०० प्रश्नांपैकी ६० प्रश्न इंग्रजी भाषेचे असत. म्हणजे ज्या मुलाची दहावी-बारावी मराठीतून झाली त्याची परीक्षा उंबरठ्यापासूनच अधिक कठीण. ‘हे मला जमेल’ हा विश्वास ढासळण्याचे पहिले ठिकाण हेच. आपल्या मुलांना पाहुण्याच्या मनातले कळते, पण ते बोलून दाखवण्यासाठी लागणारी चार वाक्ये जिभेवर वेळेवर येत नाहीत, आणि मग ती फ्रंट ऑफिसचे नावच काढत नाहीत. किचनच्या भिंतीआड राहणे पसंत करतात. त्यांची किचनची आवड म्हणून जी नोंदली जाते तिचा काही भाग हा इंग्रजीचा धाक असतो, हे आकड्यांवरून कधीच कळणार नाही. इंग्रजी शिकता येते. सहा महिन्यांत कामापुरती उत्तम शिकता येते. मात्र ती शिकवणाऱ्याने मुलाला पहिल्या दिवशी वर्गासमोर लाजवता कामा नये.

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष हॉटेलात घालवायचे प्रशिक्षणाचे सत्र. अभ्यासक्रमाच्या मध्यावर विद्यार्थ्यास काही महिने एखाद्या हॉटेलात पाठवले जाते, चारही विभागांतून त्याने फिरावे अशी अपेक्षा असते, आणि प्रत्येक विभागातील कामाची नोंद त्याच्या वहीत व्हावी असा शिरस्ता आहे. वाशीमचा मुलगा येथे प्रथम त्या काचेच्या दारातून आत जातो; किंबहुना जात नाहीच, कारण कर्मचाऱ्यांचे दार मागच्या गल्लीत असते. सकाळी हजेरी, दाढी आणि नखे यांची तपासणी, गणवेशाची इस्त्री. किचनमध्ये त्याच्या वाट्याला कांदे सोलणे, लसूण निवडणे, कोथिंबीर धुणे. सर्व्हिसमध्ये ग्लास आणि काटे-चमचे पुसून चकचकीत करणे, आणि ती दोन तुकड्यांत तोडलेली ब्रेक शिफ्ट, जिच्यामुळे दुपारचे तीन तास ना घरचे ना कामाचे. हाउसकीपिंगमध्ये एकेका माणसाच्या वाट्याला पुष्कळ ठिकाणी चौदा-पंधरा खोल्या येतात, आणि प्रत्येक खोलीतील गादी उचलून चादरीचे कोपरे दुमडायचे असतात. रात्री पाय सुजलेले असतात, आणि गावाकडून फोन आला की, ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगायचे असते.

हे श्रम कठीण आहेत, परंतु श्रमांनी आमच्या जिल्ह्यातील मुले खचत नाहीत. जूनच्या पेरणीत आणि ऑक्टोबरच्या सोंगणीत ज्यांनी हातभार लावला आहे त्यांना कांद्यांचे पोते काय भय घालणार? त्यांना खचवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या मुख्यतः दोन. एक, शिकवण्याच्या नावाखाली फुकट किंवा नाममात्र विद्यावेतनावर राबवून घेणे. चार विभागांऐवजी एकाच विभागात त्याला महिनोन्‌महिने तैनात करणे, कारण तेथे माणसांची कमतरता आहे. आणि मुदत संपली की वहीतील कोऱ्या पानांवर एकदम सह्या करून देणे. ज्या विद्यार्थ्याने सबंध सत्र बँक्वेटच्या खुर्च्या मांडण्यात घालवले, त्याच्या मनात दुसरा विश्वास, ‘यातून माझे भले होईल’ हा, कोणत्या आधारावर उभा राहावा? दुसरी गोष्ट म्हणजे वरिष्ठाची जीभ. मोठ्या स्वयंपाकघरातील हुद्द्यांची उतरंड ज्याने घालून दिली त्या ऑग्युस्त एस्कॉफिएने १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी स्वयंपाकघरे पाहिली होती, आणि १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्याने लष्करी शिस्तीने काम विभागले. त्याच्या शिस्तीचे अनुकरण साऱ्या जगाने केले. परंतु स्वयंपाकघरातील आरडाओरडा, शिवीगाळ आणि मद्यपान त्याला मुळीच मान्य नव्हते, ते बंद करण्यासाठी त्याने आपला अधिकार वापरला, हा त्याच्या शिकवणीचा अर्धा भाग मात्र त्याचे वारस म्हणवणारे पुष्कळ जण विसरले. गावात ज्याला आजवर कोणी आईवरून बोलले नव्हते त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला करपलेल्या कांद्यासाठी सर्वांदेखत तसे बोलले गेले म्हणजे, घरच्यांनी जे म्हटले होते तेच खरे, असा त्याचा ग्रह होतो. आणि त्या क्षणी त्याची रुची संपते.

याच सत्रात याच्या उलटही घडते. एखादा जुना कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, मुलाला बाजूला घेऊन ताट कोणत्या हाताने उचलावे, पाहुणा घाईत आहे हे त्याच्या बसण्यावरून कसे ओळखावे, हे दाखवतो. एखादा सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा अधिकारी, त्याच्याकडून सॉस पाच वेळा करवून घेतो आणि सहाव्या वेळी तो पाहुण्याकडे जाऊ देतो. अशा एका माणसाची भेट झालेले विद्यार्थी अल्प वेतन आणि लांब पाळ्या सोसूनही या पेशात राहतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून असे दाखवले की, आतिथ्याच्या नोकरीत शरीराच्या श्रमांबरोबर मनाचेही श्रम विकावे लागतात. स्वतःला राग आलेला असता हसावे लागते, आणि हे हसू कामाचाच भाग समजून त्याचे मोल पगारात मोजले जाते. हे श्रम कोणाला जड जातात आणि कोणाला हलके, याचे उत्तर पुष्कळ अंशी मागच्या बाजूला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, मिळते. ज्या हॉटेलात मोठा अधिकारी आणि प्रशिक्षणार्थी एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात, तेथे पाहुण्यापुढे वाकण्यात मुलाला कमीपणा वाटत नाही, असे या क्षेत्रातील जाणते लोक सांगतात, आणि ते मला पटते.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे उदाहरण वाशीमच्या वाचकाला दुरून आणावे लागत नाही. बुलढाणा जिल्हा शेजारचाच. तेथील भक्तनिवासांची स्वच्छता, महाप्रसादाची व्यवस्था आणि सेवेकऱ्यांची नम्रता यांची ख्याती महाराष्ट्राबाहेरही गेलेली आहे. पांढऱ्या वेषातील सेवेकरी फरशी पुसतो, ‘माउली’ म्हणून वाट दाखवतो, चपला सांभाळतो, आणि त्यात त्याला लाज वाटत नाही. त्याची श्रद्धा हे याचे एक कारण आहेच. पण दुसरे कारण असे की, ती फरशी पुसणे हे संस्थानाच्या दृष्टीने खालचे काम नाही, आणि येणारा भक्तही त्याच्याशी बोलताना हात जोडतो. हॉटेल हे देवस्थान नव्हे. तेथे पगार, नफा आणि बढती यांचा व्यवहार असतो आणि असावा. श्रद्धेच्या नावाने कमी पगारात राबवण्याची सवलत मालकांना मिळावी, असे मी मुळीच सुचवीत नाही. काम करणाऱ्याचा मान हा कामाच्या प्रकारावर अवलंबून नसून ते करवून घेणाऱ्यांच्या आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून असतो, एवढेच शेगावकडे पाहून सिद्ध होते.

वेतनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आरंभीचा पगार शहरातील खर्च भागवून घरी काही पाठवण्याजोगा क्वचित असतो, आणि म्हणूनच क्रूझ जहाजांवरील नोकरीचे आकर्षण एवढे मोठे आहे. डॉलरमधला पगार, राहणे-जेवणे जहाजावर, आणि सहा-आठ महिन्यांनी गावी परत येताना हाती एक ठोक रक्कम. एका गावातील एक मुलगा जहाजावर गेला आणि त्याने घरावर स्लॅब टाकला की, त्या गावातून पुढील वर्षी दोन अर्ज जातात. २०२० साली टाळेबंदीने हॉटेले आणि जहाजे एकाच वेळी थांबली, शेकडो मुले बॅग घेऊन गावी परतली, आणि बिनभरवशाची नोकरी म्हणून बापाने जे म्हटले होते त्याला साऱ्या जगाने जणू पुष्टी दिली. त्या आठवणीतून या व्यवसायाविषयीचा विश्वास अद्याप पुरता सावरलेला नाही.

दरम्यान जिल्ह्याचीच स्थिती बदलत आहे. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झाला. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून जैन यात्रेकरू येतात. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्यास दत्तभक्तांची रीघ असते. या सर्वांना राहण्याची, जेवणाची, स्वच्छ शौचालयाची आणि मराठीत, हिंदीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत गोड बोलणाऱ्या माणसाची गरज आहे. जिल्ह्यातील संस्थानांनी आणि भक्तनिवासांनी प्रशिक्षित तरुणांना निश्चित हुद्दा, नेमणुकीचा कागद आणि दरमहा वेळेवर पगार देऊन कामावर घेण्यास आरंभ केला, तर गावच्या मुलाला हा पेशा गावात आणि आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत प्रथमच दिसेल. पाहुण्यांची ये-जा आहे, जागा आहेत. उणीव आहे ती नेमणुकीच्या अशा कागदाची.

परदेशांतील ज्या पाहण्यांचा आरंभी उल्लेख केला त्यांच्याविषयी एक शंका मला शेवटी नमूद करावीशी वाटते. त्यांत हॉटेलात राहिलेला विद्यार्थी यशात आणि सोडून गेलेला अपयशात जमा धरला जातो. परंतु वाशीमसारख्या जिल्ह्यातून गेलेली मुलगी तीन वर्षे हॉटेलविद्या शिकून, दोन वर्षे रिसेप्शनवर उभी राहून, पुढे अकोल्याच्या रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांची व्यवस्था पाहू लागली, किंवा एखादा मुलगा परत येऊन मंगरुळपीरला केटरिंगचा धंदा करू लागला आणि आपल्या हाताखालच्या वाढप्यांना हातमोजे, वेळेवर जेवण आणि ठरलेली मजुरी देऊ लागला, तर त्यांचे शिक्षण वाया गेले असे कोणत्या न्यायाने म्हणावे? मालकांच्या संघटनांना आपली माणसे हातची गेली असे वाटणे रास्त आहे. त्यांच्या हिशेबात तो तोटाच. जिल्ह्याच्या हिशेबात ही माणसे जमेच्या बाजूला लिहावी लागतील, आणि हॉटेल सोडलेल्या विद्यार्थ्यांची गणती करताना ते कोणते काम सोडून कोणत्या कामाकडे गेले, याचा एक निराळा रकाना प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या दप्तरात ठेवावा लागेल.